तास वाढवले तरी गुण का वाढत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीतली मुलगी रोज चार तास अभ्यासाला बसते, प्रत्येक धडा दोन-तीनदा वाचते, नोट्स काढते, घरी कुणी विचारलं तर उत्तरंही सांगते. तरीही चाचणीतले गुण शंभरात पंचावन्न ते पासष्टच्या आतच घुटमळतात. आता तास वाढवून सहा करू, की आणखी एक क्लास लावू, असं तिने विचारलं आहे.

माझं उत्तर: दोन्ही नको, निदान आत्ताच नको. चार तास पुष्कळ झाले. इतका वेळ देऊनही गुण हलत नसतील, तर तो वेळ भलत्या ठिकाणी जातोय असं समजायचं. त्याच पद्धतीने सहा तास बसलीस तर दमशील, आणि दमून वाचलेलं आणखी कमी टिकेल. तुझे गुण कुठे गळतात हे तुला आज माहीत नाही, खरी अडचण ती आहे. ते कळल्याशिवाय दिलेला कुठलाही सल्ला अंदाजपंचेच असणार.

म्हणून पहिलं काम अभ्यासाचं नाहीच. प्रत्येक विषयाच्या शेवटच्या दोन-तीन तपासलेल्या उत्तरपत्रिका काढ. मिळालेले गुण सोड, गेलेले गुण बघ. गेलेला प्रत्येक गुण चारपैकी एका खान्यात टाकायचा. पहिला खाना: मुळात समजलंच नव्हतं. दुसरा: समजलं होतं, पण पेपरात आठवलं नाही. तिसरा: आठवलं, लिहिलंही, पण उत्तर अपुरं पडलं किंवा विचारलं एक आणि लिहिलं भलतंच. चौथा: येत होतं तरी चुकलं, म्हणजे चिन्ह, एकक, आकडा उतरवण्यातली चूक, सुटून गेलेला उपप्रश्न, संपलेला वेळ. प्रश्न किती चुकले ते मोजू नकोस, गुण मोज. एका गुणाचे चार प्रश्न आणि पाच गुणांचा एक प्रश्न, यांत मोठा घाव दुसऱ्याचा असतो.

इथे जवळपास सगळेच एक गफलत करतात. अर्धे गुण चौथ्या खान्यात टाकून ‘निष्काळजीपणा झाला’ म्हणतात आणि मोकळे होतात. तसं म्हणायला बरंही वाटतं, कारण मग नव्याने काही शिकावं लागत नाही. याला सोपी परीक्षा आहे. तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता पुन्हा सोडव. बरोबर आला तर चौथा खाना. पुन्हा तसाच चुकला तर तो पहिल्या किंवा दुसऱ्या खान्यातला आहे. उत्तरपत्रिका घरी मिळत नसेल तर शिक्षकांसमोर बसून दहा मिनिटं बघायची परवानगी माग. तेही जमत नसेल तर प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरी पुन्हा सोडव आणि पुस्तकावरून तपास.

दुसरं काम हिशेबाचं. अंतिम श्रेणी कशाकशाची बेरीज आहे हे प्रत्येक विषयाच्या शिक्षकांकडून माहीत करून घे. शाळेगणिक आणि विषयागणिक हे बदलतं, त्यामुळे पुढचे आकडे फक्त नमुन्यादाखल. समज परीक्षेला ६० टक्के वजन आहे, चाचण्यांना २५ आणि गृहपाठ-प्रकल्पांना १५. एखाद्याला परीक्षेत शंभरपैकी ५५, चाचण्यांत ६० आणि उशिरा दिलेल्या किंवा न दिलेल्या सबमिशनमुळे गृहपाठात ४० मिळाले, तर बेरीज होते ३३ अधिक १५ अधिक ६, म्हणजे ५४. याच विद्यार्थ्याने बाकी काही न बदलता गृहपाठ वेळेवर आणि पूर्ण देऊन तिथे ९० मिळवले, तर ६ च्या जागी १३.५ येतात आणि एकूण ६१.५ होतात. एकही नवा धडा न शिकता साडेसात गुण वाढले. तुझ्या बाबतीत इथे गळती नसेलही, पण बघून खात्री कर. पन्नाशीच्या आसपास असलेल्यांचे गुण बऱ्याचदा इथेच अडकलेले असतात आणि ते मात्र रात्री जागून धडे पाठ करत बसतात.

आता मुख्य मुद्दा. ‘घरी विचारलं तर सांगते’ आणि ‘दोन-तीनदा वाचते’ ही तुझी दोन वाक्यं एकत्र वाचली की माझा संशय दुसऱ्या खान्यावर जातो. धडा नुकताच वाचलेला असतो तेव्हा विचारलं तर उत्तर येतंच. आठवड्याने यायला हवं, ते येत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, एवढं लक्षात घेतलं की पुढचं आपोआप कळेल.

पुन्हा वाचण्यात गोम अशी की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर मांडणं वेगळं. हायलायटरचं तेच, तीन रंगांतल्या सुबक नोट्सचंही तेच. पुस्तक उघडं ठेवून काढलेल्या नोट्स म्हणजे नक्कल, त्यात डोक्याला फारसं काम नसतं. उदाहरणाचं उत्तर शेजारी ठेवून ‘हो हो, असंच’ म्हणत गणित सोडवणं हा याचाच चुलतभाऊ. व्हिडिओ बघून विषय कळतो, हे खरं आहे. पण व्हिडिओ संपल्यावर कागद घेतला नाही तर दोन दिवसांत तोही विरतो.

याऐवजी असं कर. धड्याचा एक भाग, चार-पाच पानं, एकदा नीट वाच. पुस्तक मिट. कोरा कागद घे आणि दहा मिनिटं जे आठवेल ते लिही: व्याख्या, सूत्र, आकृती, कारणं. वाक्यं नीट नसली तरी चालतील. अडलीस तर लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर ताण दे; तो ताणच उपयोगाचा आहे. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भर. कागदावर जेवढं लाल तेवढाच तुझा अभ्यास उरला. काळं आता पुन्हा वाचायची गरज नाही. पहिल्या काही वेळा कागद लालच लाल दिसेल आणि ‘मला काहीच येत नाही’ असं वाटून पुन्हा जुन्या वाचनाकडे पाय वळतील. तिथे थांबू नकोस. नेहमीच्या वाचनात हीच भोकं झाकली जात होती, एवढाच फरक.

हा कागद एकदा करून भागत नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळजवळ आणि पुढे लांब अंतराने करायची: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीनेक आठवड्यांनी. हे अंतर दगडावरची रेघ नाही, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. दर वेळी आधी कोरा कागद, मग लाल पेन. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली तर चौथ्यांदा पाचांत उरकतं. वहीच्या मागच्या पानावर धड्याचं नाव आणि पुढच्या तारखा लिहून ठेव, नाहीतर हे हमखास राहून जातं.

तिसरा खाना, म्हणजे मांडणी. साठीच्या आसपास अडकलेल्यांचा हा दुसरा मोठा खड्डा, आणि भरायला सगळ्यात सोपा. एक प्रश्न घेऊ: ‘थंड पाण्याने भरलेल्या पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब का जमतात?’ गुण तीन. पुष्कळ उत्तरं अशी असतात: ‘पेला थंड असल्यामुळे त्याच्यावर पाणी जमा होतं.’ यात चूक काहीच नाही, पण तपासणाऱ्याच्या हातात देण्यासारखा गुण एकच. तीन गुणांच्या उत्तरात तीन गोष्टी हव्यात. पेल्याभोवतीच्या हवेत पाण्याची वाफ असते. ही हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिची उष्णता कमी होते. त्यामुळे वाफेचं संघनन होऊन थेंब बनतात. उत्तर फार तर चार ओळींचं झालं, पण प्रत्येक ओळ एक गुण कमावते. लिहून झालं की स्वतःला विचार: यातले मुद्दे मोजले तर गुणांइतके भरतात का?

प्रश्नातलं क्रियापदही असंच निसटतं. ‘कारणे लिहा’ विचारलं तर घटना सांगू नयेत. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारली की अनेक जण १४ जुलै १७८९ ला बॅस्टिल कसं पडलं याचं पानभर वर्णन करतात. ती घटना झाली. कारणं म्हणजे रिकामी तिजोरी, सामान्यांवर पडलेला करांचा बोजा आणि वरच्या वर्गांना मिळालेल्या सवलती, पीक बुडाल्याने महागलेला पाव, नव्या राजकीय विचारांचा प्रसार. पानभर लिहूनही दोन गुण मिळाले की ‘तपासताना अन्याय झाला’ वाटतं; पण उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं होतं. ‘फरक स्पष्ट करा’चंही तेच. आधी एकाबद्दल परिच्छेद आणि मग दुसऱ्याबद्दल परिच्छेद लिहिला तर तुलना होत नाही. एक मुद्दा धरून दोन्ही बाजू समोरासमोर मांडाव्या लागतात.

तुझ्या शिक्षकांना नेमकं काय हवं हे त्यांनाच विचार, पण प्रश्न नेमका ठेव. ‘सर, विज्ञान जमत नाही’ याला कुणीही ‘अभ्यास कर’ एवढंच म्हणणार. ‘या उत्तराला पाचपैकी दोन मिळाले, उरलेले तीन कोणत्या मुद्द्यांसाठी होते?’ असं उत्तरपत्रिका हातात घेऊन विचारलं तर दोन मिनिटांत पुढच्या दहा उत्तरांचं काम होतं.

गणितातल्या चुकांकडे वेगळं बघावं लागतं, कारण तिथे चौथा खाना आणि पहिला खाना एकमेकांत मिसळलेले असतात. हे समीकरण बघ: ३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७. नेहमीची चूक दुसऱ्या कंसात होते. −२ ने −५ ला गुणल्यावर +१० यायला हवेत, तिथे −१० लिहिले जातात. मग क्ष − २२ = ७ होऊन उत्तर २९ येतं. बरोबर सोडवलं तर क्ष − २ = ७, म्हणून क्ष = ९. आता पडताळा: ९ घातले तर ३ × ५ − २ × ४, म्हणजे १५ − ८ = ७, जुळलं. २९ घातले तर ७५ − ४८ = २७, सात नाही. या पडताळ्याला अर्धं मिनिट लागतं आणि तो सगळे गुण वाचवतो. तरी ‘वेळ नव्हता’ म्हणून तो कुणी करत नाही.

ही चूक एकदाच दिसली तर पडताळ्याची सवय पुरेशी आहे. तीन उत्तरपत्रिकांत तीनदा दिसली तर ती मागच्या इयत्तेतली कच्ची जागा आहे. मग समीकरणांची आणखी शंभर उदाहरणं सोडवून उपयोग नाही. फक्त ऋण चिन्ह असलेले कंस सोडवायची वीस-वीस उदाहरणं चार-पाच दिवस कर, रोज पंधरा मिनिटं. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर, एककांचं रूपांतर या चार जागा आधी तपास. हायस्कूलच्या गणिताचं आणि भौतिकशास्त्राचं निम्मं ओझं त्यांच्यावर असतं. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी ५ सेकंदांत थांबली तर त्वरण किती, या प्रश्नात ७२ ला ५ ने भागून −१४.४ लिहिणारे सूत्र चुकलेले नसतात. आधी ७२ चे सेकंदाला २० मीटर करायला विसरलेले असतात. उत्तर −४ मी/से² यायला हवं. मागच्या इयत्तेचं पुस्तक काढायला लाज वाटते, पण या कामात त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

आणखी एक. धड्याखालचा स्वाध्याय सोडवताना कोणती रीत वापरायची हे धड्याचं नावच सांगून टाकतं. पेपरात ते कुणी सांगत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तीन-चार वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा उदाहरणं सरमिसळ करून सोडव. सुरुवातीला वेग मंदावेल आणि चुका वाढतील. ते ठीक आहे. तू इथे नुसती रीत वापरत नाहीस, ती निवडायलाही शिकते आहेस.

भाषा विषयांत व्याकरण गणितासारखंच हाताळावं, रोज थोडं आणि सोडवून. निबंध-पत्रासाठी महिन्यातून दोन-तीन तरी वेळ लावून लिहून शिक्षकांना दाखवावेत. वाचून लेखन सुधारत असलं तरी ते फार हळू.

या सगळ्याला चार तास नकोत. आधी कालच्या-परवाच्या कागदांची उजळणी, वीस ते तीस मिनिटं. मग नवीन काम, पंचेचाळीस मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये दहा मिनिटं उठायचं. एका बैठकीत एकच विषय, आणि तीनपैकी एक बैठक रोज सर्वांत जास्त गुण गळणाऱ्या विषयाला. आवडता विषय आधी घ्यायचा मोह होतो, कारण तिथे बरं वाटतं. पण नव्वदचे ब्याण्णव करण्यापेक्षा पन्नासचे पासष्ट करणं सोपं असतं. बैठक चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत. शेजारी उलटा ठेवलेला फोन हा तोडगा नाही, अर्धं लक्ष त्याच्याकडेच राहतं. झोप कापून हे तास काढू नकोस: अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप सांगते, आणि दिवसा केलेला अभ्यास पक्का होण्यात झोपेचा वाटा असतो.

पेपराच्या वेळेचं गणितही आधीच बसवून ठेव. ८० गुणांना तीन तास असतील तर १८० मिनिटांतली शेवटची पंधरा पडताळ्याला बाजूला काढ, उरतात १६५, म्हणजे गुणाला साधारण दोन मिनिटं. पाच गुणांच्या प्रश्नावर दहा मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं. हे पेपरात पहिल्यांदा जमत नाही. आधी घरी दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून, मध्ये न उठता सोडवाव्या लागतात.

क्लासचं विचारलंस म्हणून सांगतो. बहुतेक गुण पहिल्या खान्यात असतील, म्हणजे वर्गात शिकवलेलं डोक्यावरून जात असेल, तर कुणीतरी पुन्हा समजावणं गरजेचं आहे. ते क्लासमध्ये असो, शाळेतल्या शिक्षकांकडे असो किंवा विषय येणाऱ्या मैत्रिणीकडे. गळती दुसऱ्या-तिसऱ्या खान्यात असेल तर नवा क्लास तुझ्या आठवून लिहिण्याच्या वेळेवरच घाला घालेल.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. फळ्यावरचं नीट दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, सतत थकवा असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलण्याआधी डॉक्टर. तोंडी सगळं येतं पण वाचताना ओळी सुटतात, अक्षरं उलटसुलट होतात, लिहायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, असं वर्षानुवर्षं चालू असेल तर शाळेतल्या समुपदेशकांकडून वाचन-लेखनाच्या अडचणींची रीतसर तपासणी करून घ्यावी. तिथे जास्त मेहनत हा उपाय नसतो. घरात तणाव असेल, मन लागतच नसेल, तर तेही एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला सांग.

परीक्षा किती लांब आहे हे तू लिहिलेलं नाहीस. तीन-चार महिने असतील तर वरचं सगळं याच क्रमाने. दोनच आठवडे असतील तर कच्च्या जागा आता उकरू नकोस. जास्त गुणांच्या आणि अर्धवट येणाऱ्या प्रकरणांवर कोरा कागद चालव, एकेका विषयाची एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव आणि अजिबात न येणारी प्रकरणं शेवटी ठेव.

पुढच्या चाचणीनंतर चार खान्यांचा तोच हिशेब पुन्हा मांड. एकूण गुण पेपर सोपा-अवघड असण्यानेही वरखाली होतात, म्हणून कोणत्या खान्यातली गळती कमी झाली ते बघ. दुसरा खाना आटला आणि तिसरा तसाच राहिला, तर रोजच्या एका बैठकीत आठवण्याऐवजी पूर्ण उत्तरं लिहून ती मुद्द्यांवर तपासायची. सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही चारही खाने जागचे हलले नाहीत, तर ते लाल-काळे कागद आणि उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांना भेट. त्यांवरून त्यांना नेमकं कुठे अडतंय ते दिसेल.